कायद्यात बसणारा पण लहान बक सोडून द्यावा का? (पेन्सिल्व्हेनिया, व्हाइटटेल हरणं; बक म्हणजे नर)

रानवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलचा मोसम उघडतोय आणि आमच्या कॅम्पवर दरवर्षीचा वाद आत्तापासूनच पेटलाय. नियमात बसणारा, पण कोवळा बक समोर आला तर मारायचा की जाऊ द्यायचा? माझं मत आहे, जाऊ द्यावा.

नव्या लोकांसाठी थोडी पार्श्वभूमी. बकची शिंगं दर हिवाळ्यात गळतात आणि उन्हाळ्यात नवी येतात. दीड वर्षाच्या नराची ती पहिली जोडी असते. पुरती वाढ व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. 2002 पूर्वी इथे तीन इंचांचं सरळ शिंग असलं तरी नर मारता यायचा, त्यामुळे मारल्या जाणाऱ्या नरांपैकी 80 टक्क्यांहून जास्त जेमतेम दीड वर्षाचे असत. गेम कमिशनच्या (राज्याचं शिकार खातं) गॅरी ऑल्ट यांनी त्या वर्षी नियम आणला: बहुतेक भागांत एका शिंगाला किमान तीन टोकं (फाटे), पश्चिमेकडे चार. विरोध प्रचंड झाला, पण नियम टिकला आणि आज तीन-साडेतीन वर्षांचे नर दिसतात.

तरी एक भोक राहिलंच. मक्याच्या-सोयाबीनच्या शेतांकडेला वाढलेल्या नराला दीड वर्षातच सहा-आठ टोकं येतात. तो नियमात बसतो आणि पहिल्याच दिवशी पडतो. तिथे नियम संपतो आणि आपली जबाबदारी सुरू होते. टोकं मोजण्याआधी अंग बघा. कोवळ्याचे पाय धडाच्या मानाने लांब वाटतात, मान बारीक, पोट वर ओढलेलं. शिंगं मनातल्या मनात झाकली तर मादीच वाटेल. साडेतीन वर्षांच्या नराची मान नोव्हेंबरात फुगून छातीत उतरते, छाती मागच्या भागापेक्षा खोल दिसते आणि मागच्या पायांच्या सांध्याला आतून काळपट डाग असतो. एवढं बघायला दहा सेकंद पुरतात.

शनिवारचा_शिकारी

दादा, तुमचा कॅम्प खाजगी जमिनीवर आहे का? मी स्टेट गेम लँडवर जातो. ही जवळजवळ 15 लाख एकर जमीन सगळ्यांना खुली आहे. मी सोडलेला बक पलीकडच्या टेकाडावरचा माणूस अर्ध्या तासात पाडतो, कानांनी ऐकलंय. मग मी सोडून वाचलं कोण?

दुसरं म्हणजे वेळ. आठवडाभर नोकरी, हातात येतो शनिवार. 2020 पर्यंत तर हरणांच्या शिकारीला रविवार बंदच होता. वर्षभरात शिंगांचा नर एकच मारता येतो, मग तो बाण असो की रायफल. आमच्याकडे वर्षाचं मटण त्यावर चालतं. दीड वर्षाच्या नराचं मटण कोवळं असतं, बायको त्याचा काळ्या मसाल्याचा रस्सा करते आणि मुलं वाटी पुसून खातात. भिंतीवर शिंगं लावायला माझ्याकडे भिंतही नाही आणि हौसही नाही. कायद्याने दिलेली गोष्ट मी घेतली तर त्यात कमीपणा कसला?

डोंगरपायथा

शनिवारचा_शिकारी यांना पूर्ण पाठिंबा, आणि एक गोष्ट मनाला लागलेली आहे ती लिहिते.

लेकीने चौदाव्या वर्षी पहिला बक मारला. एका बाजूला दोनच टोकं. ज्युनियर लायसन्सवाल्यांना ती चालतात, म्हणजे पूर्ण कायदेशीर. तिने धीराने वाट पाहिली, नर आडवा उभा राहीपर्यंत थांबली आणि एका गोळीत काम झालं. आतडी काढताना वडिलांनी फक्त कुठे कापायचं ते दाखवलं, बाकी सगळं तिने केलं, कोपरापर्यंत रक्त. फोटो टाकला तर एका ओळखीच्या गृहस्थांनी लिहिलं, "पुढच्या वर्षी चांगला झाला असता." पोरीने फोटो काढून टाकला. रानवाट, तुम्ही असं लिहिणार नाही हे मला माहीत आहे. पण "सोडा, सोडा" हा घोष वाढला की कुणीतरी लिहितंच. शिकाऱ्यांची संख्या घटतेय म्हणून आपणच ओरडतो आणि नव्या पोरांना असं वागवतो.

रानवाट

ताई, लेकीचं मनापासून अभिनंदन. तो फोटो परत लावायला सांगा. पहिला बक आणि लहान मुलं, इथे माझा आग्रह शून्य आहे.

शनिवारचा_शिकारी, "मी सोडला तर दुसरा मारेल" हेच 2002 च्या आधीही सगळे म्हणत होते. सगळ्यांना एकच नियम लागला तेव्हा पलीकडच्या टेकाडावरच्यालाही थांबावं लागलं. आता नियमापलीकडे थोडं अधिक थांबणारे वाढले तर तेच पुन्हा घडेल. बहुतेक कोवळे नर आई ज्या भागात राहते तो सोडून काही मैल दूर जातात, त्यामुळे मी सोडलेला बक मलाच परत दिसेल हा माझा हिशोबच नाही. मी सोडलेला तुम्हाला मिळावा आणि तुम्ही सोडलेला आणखी कुणाला, एवढंच.

नदीकाठचा_मिसिसिपीकर

रानवाट यांनी ज्याला भोक म्हटलं तो सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. आमच्याकडे मिसिसिपीत 1995 मध्ये राज्यभर किमान चार टोकांचा नियम आला. हेतू चांगला होता. पण झालं असं की पिढीतले दमदार कोवळे नर आधी मारले गेले आणि बारीक शिंगांचे वाचून मोठे झाले. काही सरकारी जंगलांत त्याच वयाच्या नरांची शिंगं आधीपेक्षा लहान भरू लागली. पुढे राज्याने टोकं मोजणं सोडून शिंगांच्या आतल्या रुंदीचा आणि मुख्य दांड्याच्या लांबीचा निकष घेतला. टेक्सासच्या बऱ्याच काउंट्यांत आतली रुंदी 13 इंच लागते. नराने कान टवकारले की कानांच्या दोन टोकांमधलं अंतर साधारण तेवढंच भरतं, म्हणजे माप प्राण्याच्या डोक्यावरच आहे. टोकं मोजण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मॅडिसनकर

तुमची सगळी चर्चा निरोगी कळप धरून चाललीय. आमच्याकडे विस्कॉन्सिनमध्ये तशी सोय राहिलेली नाही.

2001 च्या नोव्हेंबरात माउंट होरेबजवळ मारलेल्या तीन हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. निदान 2002 मध्ये झालं. हरीण झिजून मरतं असा, प्रायॉनमुळे (बिघडलेल्या प्रथिनामुळे) होणारा रोग, लस नाही, औषध नाही. लक्षणं दिसायला वर्षाहून जास्त काळ लागतो, तोवर हरीण धडधाकट दिसतं आणि लाळेतून, विष्ठेतून रोग पसरवत राहतं. मोठ्या नरांमध्ये लागणीचं प्रमाण माद्यांपेक्षा बरंच जास्त आहे. राज्याच्या दक्षिणेकडच्या काही भागांत तीनातल्या एकाहून जास्त प्रौढ नर बाधित निघतात. अशा ठिकाणी नर मुद्दाम म्हातारे होऊ देणं म्हणजे रोगाला वाहन पुरवणं. कोवळा नर रोग घेऊन काही मैल दूर जातो तो धोका वेगळाच. मिसुरीने याच कारणासाठी बाधित काउंट्यांतून टोकांचा नियम उठवला. पेन्सिल्व्हेनियातही 2012 पासून रोग आहे. रानवाट, तुमचा कॅम्प बाधित क्षेत्रात असेल तर कृपया कोवळे सोडू नका. आणि जे मारतील त्यांनी डोकं तपासणीला द्यावं, निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरला वेगळं ठेवावं.

रानवाट

कॅम्प सध्या बाधित क्षेत्राबाहेर आहे. उद्या आत आला तर मॅडिसनकरांचं ऐकेन, तिथे शिंगांना आणि वयाला काही अर्थ उरत नाही.

जुना_हेमलॉक

इतका वेळ वाचतोय, माद्यांबद्दल एकानेही लिहिलं नाही. ऑल्ट यांच्यावर लोक सगळ्यात जास्त चिडले ते शिंगांच्या नियमामुळे नव्हे, माद्या जास्त मारायला लावल्या म्हणून. जुन्या लोकांना "मादी मारायची नाही" हेच शिकवलेलं होतं. पण हरणांची संख्या ठरवते मादी. दहा नरांपैकी सहा सोडले काय आणि नऊ मारले काय, पुढच्या जूनमध्ये पाडसं तेवढीच येतात.

राज्याच्या उत्तरेकडच्या जंगलात हरणांना रोखणाऱ्या तारेच्या कुंपणाजवळ एकदा उभे राहून बघा. आत ओकची, मेपलची गुडघाभर रोपं, ट्रिलियमची फुलं. बाहेर नजर जाईल तिथवर नुसते नेचे, कारण हरणं ते खात नाहीत. एकही ओकचं रोप नाही. वीस वर्षांनी तिथे एकोर्नच (ओकची फळं) नसतील तर तुमचे साडेतीन वर्षांचे नर काय खाणार? कोवळा बक सोडायचा असेल तर खुशाल सोडा, पण त्याच दिवशी मादीचं लायसन्स खिशात असू द्या.

शनिवारचा_शिकारी

हेमलॉककाका, हे पटलं. आमच्या युनिटमध्ये (शिकारीच्या विभागात) मादीची लायसन्सं अजून शिल्लक आहेत, आज रात्री एक काढतो. मटणाचा प्रश्न तिथेच सुटतो, आणि जास्त झालं तर गरजूंना हरणाचं मटण पोचवणारा कार्यक्रम राज्यात 1991 पासून आहे, त्यांच्या खाटकाकडे देईन.

बकचं मात्र रानवाट यांचं पटलेलं नाही. मादी आधी मिळाली तर त्या दिवशी कोवळा नर जाऊ देईन. नाही मिळाली आणि तीन टोकांचा आडवा उभा राहिला, तर घोडा ओढणार.

रानवाट

चालेल. मादी आधी मिळो.