१९५०चं अभिनेत्रीचं ऑस्कर: मतं फुटली का?

प्रश्न: समोर बेटी डेव्हिस आणि ग्लोरिया स्वॉन्सन असताना ज्युडी हॉलिडे 'बॉर्न यस्टर्डे'साठी जिंकली. मतं फुटली म्हणतात, ते खरं का?

प्रतिसाद १: फुटायला वाव होता खरा. 'ऑल अबाउट ईव्ह'मधून डेव्हिस आणि अ‍ॅन बॅक्स्टर दोघीही मुख्य अभिनेत्री म्हणूनच नामांकित होत्या. एका मतदाराला एकच नाव, ज्याला सर्वाधिक मतं तो विजेता. म्हणजे एकाच चित्रपटाची मतं दोघींत वाटली जाऊ शकत होती. बॅक्स्टर सहाय्यक गटात असती तर गणित बदललं असतं. अर्थात ऑस्कर देणारी अकादमी मतांचे आकडे जाहीर करत नाही, म्हणजे हा सगळा तर्कच.

प्रतिसाद २: माझं मत स्वॉन्सनला. 'सनसेट बुलेव्हार्ड'मधला शेवटचा जिन्यावरचा प्रसंग बघा. बातमीपटाचे कॅमेरे तिला शूटिंगचे वाटतात. ताणलेले डोळे, हवेत वळवळणारे हात, सगळा मूकपटातला अभिनय. एरवी हा भडकपणा खटकला असता, इथे भूमिकाच मूकपटाच्या काळातल्या जुन्या तारकेची आहे.

प्रतिसाद ३: हॉलिडेला उगाच कमी लेखताय. तिचा रमीचा प्रसंग पुन्हा बघा: संवाद जवळजवळ नाहीतच, नुसती पानं लावण्याची लय, आणि समोरचा चिडत जातो. विनोदी कामाला ऑस्कर क्वचितच मिळतं. डेव्हिस मात्र हुकली, हे मान्य.