विहिरीच्या पाण्यात नायट्रेट ९२, लेकराला चालेल का?

पवन, कळंब (यवतमाळ): वावरातल्या विहिरीचं पाणी तपासून आणलं. नायट्रेट लिटरला ९२ मिलिग्रॅम, बाजूला मर्यादा ४५ छापली आहे. पाणी नितळ, चवीला गोड, घरचे सगळे तेच पितो. पण पोरगी दोन महिन्यांची आहे. अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून डब्याचं दूध याच पाण्यात कालवतो. आई म्हणते, चांगलं वीस मिनिटं उकळू. नायट्रोजन तर शरीराला लागतोच न, मग यात वाईट काय?

नर्सबाई (निवृत्त), आर्वी: पवनभाऊ, ते पाणी बाळाला आजच बंद करा. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट घट्ट होतं. तुरटीनं, ब्लीचिंगनंही जात नाही. आरओनं कमी होतं. गावात आरओची कॅन मिळत असेल तर तेच पाणी उकळून, कोमट करून दुधाला वापरा.

नायट्रोजन लागतो तो प्रथिनांतून: तुरीचं वरण, चणे, अंडी, दूध. पाण्यातल्या नायट्रेटचं तान्ह्या बाळाच्या पोटात नायट्राइट होतं आणि ते रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतं. मग रक्त प्राणवायू पोचवत नाही. मोठ्यांचं शरीर हे बऱ्यापैकी सावरून घेतं, सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला ते जमत नाही. ओठ, नखं, तोंडाभोवतीची कातडी निळसर-राखाडी दिसली, बाळ मलूल पडलं, धाप लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट मोठा दवाखाना गाठा. डॉक्टरांना पाण्याचा रिपोर्ट दाखवा, नायट्रेट हा शब्द आधी सांगा. यावर मिथिलीन ब्लू नावाचं औषध आहे, वेळेत मिळालं पाहिजे.

आणि अंगावर पाजणं सोडू नका. जितकं पाजाल तितकं दूध येतं, हे मी बाळंतिणींना जन्मभर सांगत आले.

पऱ्हाटीवाला: भाऊ, उकिरडा विहिरीपासून किती दूर आहे? शेणखताचा ढीग, गोठ्याचं मूत, संडासचा शोषखड्डा, सगळं झिरपत खाली जाते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. भर पावसाच्या तोंडावर फेकला का पिकाला कमी, विहिरीलाच जास्त. मी आता थोडा-थोडा, ओल पाहून देतो.

पवन: उकिरडा अगदी काठालाच आहे जी. उद्याच हलवतो. बायकोनं हे पाणी पिलं तर दुधातून उतरते का?

नर्सबाई (निवृत्त), आर्वी: दुधात फारसं उतरत नाही, पाजू द्या बिनधास्त. तरी तिलाही कॅनचंच पाणी द्या. विहीर पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा.