मदत हवी आहे: गार पाण्याने रोजची दाढी, गळ्यावर पुटकुळ्या

पंचगंगाकाठचा

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त कुरकुंभला आलोय. एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत प्रॉडक्शनला आहे. आमच्या प्लांटला मास्क लागतो. कापडी नव्हे, रबरी कडांचा, पुढे फिल्टरचे डबे असलेला. कड गालाला घट्ट बसली नाही तर वास आत येतो, म्हणून दाढी रोजच्या रोज. खुंट दिसले की सेफ्टीवाले गेटवरूनच मागे फिरवतात. त्यामुळे 'दाढी वाढवा की राव' हा सल्ला आधीच बाद.

खोली भाड्याची, गिझर नाही. बादलीत रॉड टाकायला घरमालकांची सक्त मनाई आहे (वायरिंग जुनं आहे, त्यांचंही चूक नाही). पहिल्या पाळीची बस सव्वापाचला येते, म्हणजे साडेचारला उठून नळाच्या गार पाण्याने दाढी. नळाला बोअरचं पाणी.

त्रास असा. गालावर विशेष काही नाही, पण जबड्याखाली आणि कंठाच्या दोन्ही बाजूंना बारीक लाल पुटकुळ्या येतात. काहींत केस आतल्या आत वळलेला दिसतो. पातं सरकत नाही, ओढतं. फेस तर होतच नाही. ब्रश फिरवून मनगट भरून येतं आणि गालावर नुसतं ताकाच्या निवळीसारखं पाणी. कोल्हापूरला घरी हेच क्रीम, हाच ब्रश, काही तक्रार नव्हती. पण तिथे बंबाचं कढत पाणी असायचं.

गार पाण्यानेच रोज दाढी करणारे कोणी आहेत का इथे? तुम्ही कशी करता? की गार पाणी दाढीला चालतच नाही? सध्या तीन पात्यांचा रेझर वापरतो, क्रीम ट्यूबमधलं साधं. गिझर घ्या, खोली बदला असं कृपया सांगू नका, पगार व्हायचाय.

मोकळा वेळ

इलेक्ट्रिक किटली. एक लिटर पाणी उकळायला ०.१ युनिटच्या आसपास वीज लागते आणि दाढीला तर कपभर पुरतं. विषय संपला.

पंचगंगाकाठचा

किटलीही दीड हजार वॅटची असते हो, मालकांना विचारावं लागेल. पण मला खरंच कळून घ्यायचंय की दोष गार पाण्याचा आहे का.

फौजी अण्णा

नाही. दोष घाईचा आहे.

नोकरीतली बरीच वर्षं डोंगरात गेली. दाढी रोज, सुट्टी नाही, आणि पाणी मगभर. गरम मिळालं तर नशीब. दाढीचा केस कोरडा असला की चिवट आणि कडक असतो. पाणी प्यायला की फुगतो, मऊ पडतो आणि पातं कमी जोरात चालतं. गरम पाण्यात हे दोन-तीन मिनिटांत होतं. गार पाण्यातही होतं, फक्त वेळ जास्त द्यावा लागतो. आणि पहाटे साडेचारला माणूस नेमका तोच देत नाही.

माझी पद्धत सांगतो. उठल्याबरोबर पहिलं काम तोंड आणि गळा साबणाने धुणे, पुसायचं नाही. तसंच ओल्यावर क्रीम चोपडायचं आणि विसरून जायचं. चहा ठेवायचा, अंथरूण आवरायचं, बूट पुसायचे. क्रीम सुकायला लागलं तर ओला हात फिरवायचा. मग पुन्हा ब्रश मारून पातं हातात घ्यायचं. दाढी सर्वांत शेवटी. तुम्ही बहुतेक तोंडावर हबका मारून लगेच पातं लावत असणार.

पंचगंगाकाठचा

अण्णा, अगदी तसंच करतो 😅 चहाचं उद्यापासून. पण फेसाचं काय? तो सावकाश केला तरी होत नाही.

सुखी माणूस

गार पाणी उत्तमच. गरम पाण्याने त्वचेची रंध्रं उघडतात, गार पाण्याने बंद होतात. नट लोक सकाळी बर्फात तोंड बुडवतात ते उगीच नाही.

ओपीडी_ताई

रंध्रांना दार नसतं हो. ती उघडमीट करतील असा स्नायूच तिथे नाही. गारव्याने होतं ते वेगळं: वरच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून लाली आणि आग कमी वाटते. आणि प्रत्येक केसाच्या मुळाशी जो छोटा स्नायू असतो तो आखडतो, त्याला आपण काटा येणं म्हणतो. थंडीत उघड्या गळ्यावर काटा आलेला असताना पातं फिरलं की केसाबरोबर ते उंचवटेही खरवडले जातात. म्हणून पाणी गार असलं तरी अंग गार पडू देऊ नका. दाढी करताना स्वेटर घाला, खिडकी लावून घ्या.

धागाकर्त्यांनी लिहिलंय त्यावरून हे केसतोड वाटत नाही. केसतोडाला पू होतो आणि तो ठणकतो. कापलेला केस वर यायच्या ऐवजी त्वचेतच वळला की अशा पुटकुळ्या येतात, गळ्यावर जास्त, कारण तिथले केस आडवे आणि वळणदार उगवतात. आणि बहुपाती रेझरने हे जास्त होऊ शकतं. पुढचं पातं केस ओढून वर काढतं, मागचं तो कापतं आणि उरलेलं टोक त्वचेच्या पातळीखाली जातं. वाढायला लागलं की आतच घुसतं.

पिनेने, नखाने केस उकरून काढू नका, डाग राहतात आणि जंतू जातात. पू झाला, पसरायला लागलं किंवा गाठी घट्ट झाल्या तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून विचारून मिश्र मलमाची ट्यूब आणून लावू नका, त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर कापल्यावर रक्त लवकर थांबत नाही, तेही लक्षात ठेवा (हे इतर वाचकांसाठी).

कात्री-कंगवा

माझं बारामतीला सलून आहे. घरचा धंदा, आजोबांपासून. आमच्याकडे दाढी दिवसभर फवाऱ्याच्या गार पाण्यानेच होते. गरम पाणी फक्त फेशियलला. गार पाण्याने पुटकुळ्या आल्या असत्या तर अख्ख्या तालुक्याचे गळे लाल दिसले असते.

फरक कुठे पडतो बघा. आम्ही फवारा मारतो, क्रीम लावतो आणि ब्रश गोल गोल चांगला वेळ फिरवतो. गिऱ्हाइकाला वाटतं आम्ही टीव्ही बघत टाइमपास करतोय. तेव्हाच तर केस भिजतो. वस्तऱ्यात नवं अर्धं पातं. एका हाताने कातडी ताणलेली. आणि दाब शून्य, वस्तरा आपल्या वजनाने उतरतो. दुसऱ्यांदा पातं फिरवायच्या आधी परत फेस, कोरड्यावर पातं कधीच नाही.

आता गळा. आधी बोटं फिरवून केस कुठल्या दिशेला आहेत ते बघा. गालावर बहुतेकांचे खाली असतात, गळ्यावर भरवसा नाही. कंठाच्या डाव्या बाजूला एकीकडे, उजव्या बाजूला भलतीकडे, कुणाकुणाला तर खालून वर. तुम्ही गळ्यावर वरून खाली सुलटा (केसांच्या दिशेने) हात मारताय असं समजत असाल आणि तो तिथे उलटा पडत असेल. गळ्याला उलटा हात बंद करा, पुटकुळ्या निम्म्या तिथेच थांबतील.

शेवटी गार पाणी आणि तुरटीचा ओला खडा. चोळायचा नाही, फिरवायचा. थोड्या वेळाने धुऊन टाका, नाहीतर कातडी ओढल्यासारखी होते.

ब्युरेट

सगळे पाण्याच्या तापमानावर बोलताय. पाणी कोणतं आहे ते बघा की. बोअरचं!

दाढीचं क्रीम म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्लाचा साबण. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असलं की साबण आधी त्यांच्याशी संयोग पावतो आणि न विरघळणारा चिकट साका होतो. बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो तोच. कॅल्शियम संपेपर्यंत फेस नाही. शाळेत दुष्फेन पाणी म्हणून शिकलो, ते हेच. ब्रश कितीही घुमवा, साकाच वाढणार. तो साका पात्यांच्या फटीत बसतो आणि तीन पात्यांचा रेझर तुंबतो. तुंबलेलं पातं ओढणारच.

कढत पाण्याने बरं वाटतं त्याला आणखी एक कारण आहे. असल्या पाण्यातला काही जडपणा (म्हणजे हेच कॅल्शियम-मॅग्नेशियम) बायकार्बोनेटचा असतो. पाणी उकळलं की तो कार्बोनेट होऊन खाली बसतो, म्हणून हीटरच्या रॉडवर पांढरे पापुद्रे धरतात. म्हणजे गरम केलेलं पाणी थोडं हलकंही झालेलं असतं. कोल्हापूरला तुमच्या नळाला नदीचं पाणी असणार. श्रेय बंबाला देताय, निम्मं तरी नदीच्या पाण्याचं आहे.

तुमच्या कंपनीत बॉयलर असेलच. त्याच्या पाण्याची हार्डनेस, म्हणजे जडपणा, लॅबवाले नियमित काढतात, तो कमी करायला सॉफ्टनर बसवलेला असतो. बॉयलरची एवढी काळजी आणि आपल्या गालाला थेट बोअर! लॅबमधल्या मित्राला खोलीवरच्या पाण्याची बाटली द्या, ईडीटीए टायट्रेशनला (जडपणा मोजायची चाचणी) पाच मिनिटं लागतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

उपाय सोपा आहे. प्यायला आरओचा (जडपणा काढलेल्या पाण्याचा) जार घेत असाल ना? त्यातलं अर्धा मग पाणी दाढीला वापरा. केस भिजवायला, फेसाला आणि पातं बुचकळायलाही तेच.

जुना पेपर

मगावरून आठवलं. जिलेटने २००२ मध्ये भारतासाठी व्हेक्टर रेझर आणला. त्याची चाचणी घेतली होती अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर. मुलं खूश. इथे आणला तर केस अडकून तुंबायला लागला. तिकडच्या मुलांना नळाचं वाहतं पाणी होतं, इकडे माणूस वाटीभर गार पाणी घेऊन खाली बसून दाढी करतो. मग ते लोक इथे येऊन घराघरांत बसून दाढी बघत राहिले आणि २०१० मध्ये एकच पातं असलेला, धुवायला सोपा गार्ड काढला. तेव्हा किंमत १५ रुपये, बदलायचं पातं ५ रुपयांना. तात्पर्य (माझं, कंपनीचं नव्हे): वाटीतल्या पाण्याला एकच पातं बरं.

लोटे_सेफ्टी

मी लोटे एमआयडीसीत सेफ्टीत आहे, म्हणून मास्कच्या बाजूने लिहितो. मास्कची कड नेमकी कुठे टेकते ते आरशात बघा. अर्ध्या मास्कची कड नाकाच्या हाडावरून गालांवर आणि हनुवटीखाली. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कची कपाळावरून, कानांच्या पुढून आणि हनुवटीखाली. त्या पट्ट्यात एकही खुंट चालणार नाही. पण कंठाजवळचा गळा, जिथे तुम्हाला पुटकुळ्या आहेत, तो कडेच्या बराच खाली आहे. तिथे लोण्यासारखी गुळगुळीत दाढी हवी असं कुठलाही सेफ्टीवाला म्हणणार नाही. गळ्यावर एकदाच सुलटा हात मारा आणि सोडून द्या. मास्क घातल्यावर फिट-चेक (कडेतून हवा गळत नाही ना ते बघणं) मात्र दर वेळी करा.

दुसरं, दाढी पहाटेच का? ब्रिटनच्या सुरक्षा खात्याच्या सूचनेत शिफ्टच्या आधीच्या आठ तासांत दाढी झालेली असावी असं आहे. तुमची पाळी सहाला, म्हणजे रात्री साडेदहाला केलेली बसते. तुमच्याकडे नियम वेगळा असू शकतो, आधी विचारून घ्या. रात्री घाई नसते आणि कातडीला शांत व्हायला वेळ मिळतो. ताज्या दाढीवर लगेच रबर आणि घाम, हेही आग होण्याचं कारण आहेच.

सुखी माणूस

रात्री दाढी? आमच्या आईने ऐकलं तर दिवे लागल्यावर केस कापतो म्हणून जेवायला वाढणार नाही.

लोटे_सेफ्टी

आईंना पाळीचं वेळापत्रक दाखवा.

पंचगंगाकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. थोडा उशिरा लिहितोय, मध्ये दुसरी पाळी होती.

लॅबमधल्या पोराने पाणी तपासलं. जडपणा सहाशेच्या पुढे निघाला. तो म्हणाला, हे पाणी बॉयलरला दिलं असतं तर साहेबांनी मला टांगलं असतं.

जारच्या पाण्याने, गारच, फेस पहिल्याच दिवशी झाला. इतका की क्रीम निम्मं लागतंय. सेफ्टीला विचारलं, रात्रीची दाढी चालेल म्हणाले, फक्त पाळीच्या आधी गेटवर गाल दाखवायचा. अण्णांच्या पद्धतीने आधी क्रीम लावून भांडी घासून घेतो, मग दाढी. गळ्यावरचा उलटा हात बंद केला. कात्री-कंगवा दादा, कंठाच्या उजवीकडचे केस खरंच खालून वर आहेत, बोटाने बघितल्यावर कळलं. नव्या पुटकुळ्या फारशा नाहीत, जुन्या बसतायत. दोन जागी केस अजून आत आहे, त्यांना हात लावलेला नाही.

किटली घेतलेली नाही.

आता एकपाती सेफ्टी रेझर आणलाय, जुन्या पद्धतीचा, पातं आत घालून पिळायचा. हनुवटीवर दोनदा कापलं. तो धरायचा कसा?

कात्री-कंगवा

दाबू नका, तुमचा हात अजून तीन पात्यांचा आहे. रेझरचं डोकं आधी गालाला टेकवा, दांडी जमिनीला समांतर. मग पातं केसाला लागतंय असं वाटेपर्यंत दांडी हळूहळू खाली आणा. कातडीशी पात्याचा कोन तीसेक अंशाचा राहतो. कापताना खर्र असा आवाज येतो, आवाज बंद झाला की कोन सुटला समजायचं. हात आखूड मारा, बोटाच्या पेराएवढा. हनुवटीवर खालचा ओठ दातांवर ओढून घ्या म्हणजे कातडी ताठ राहते.

पाती सुरुवातीला एकाच कंपनीची मोठी पेटी आणू नका. टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक, सुपरमॅक्स, एकेक छोटं पाकीट घ्या. कुणाच्या गालाला कोणतं मानवेल सांगता येत नाही. ओढायला लागलं की त्याच दिवशी टाकायचं, चार पैशांसाठी ताणू नका. आणि टाकताना कागदात गुंडाळून टाका, कचरा उचलणाऱ्यांचे हात कापतात.

पंचगंगाकाठचा

टोपाझ घातलंय. आज रात्री ओठ ओढून बघतो.