एसपी-404 ला खेळणं म्हणणाऱ्यांसाठी

पैठणगेट_पॅड
परवा इथं एकानं लिहिलं, 'बीट करायचे तर एमपीसी वन घ्या, एसपी-404 खेळणं आहे.' दोन्ही सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे पकडून पॅडवर वाजवायची मशीनं. डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितो. एमपीसी वनला बॅटरी नाही. आमच्या गावाकडं लाईट कधी जाईल नेम नाही. सेव्ह करायच्या आधी रात्रभराचं काम दोनदा गेलं. एसपी-404 एमके-2 सहा पेन्सिल सेलवर चालतं, पॉवर बँकेवरही. आणि त्यातलं स्किप-बॅक! तुळजापूरला ओळखीच्या गोंधळ्यांसोबत बसलो होतो. माईक लावलेला, पण रेकॉर्ड दाबलेलं नव्हतं. संबळवाल्या काकांनी हात मोकळा करायला एक तुकडा वाजवला. वाकड्या टोकाची काडी कातड्यावर घासत गेली अन् घुमारा उठला. ते थांबल्यावर मी बटण दाबलं, मागचे 25 सेकंद मशीनमध्ये होते. तो तुकडा मागून पुन्हा मिळाला नसता.

लातूर_808
ती पोस्ट माझी. बॅटरी पाहिजे तर एमपीसी लाइव्ह बघा, 2017 पासून आतच आहे. खेळणं म्हणालो ते गाणं बांधण्यावरून. एमपीसीच्या 7 इंची पडद्यावर एकेक ठोका बोटानं सरकवता येतो. शिवाय स्विंग, म्हणजे दर दुसरा ठोका जरा मागं सरकवणं. मशीन घडवणाऱ्या रॉजर लिनच्या 1988 च्या एमपीसी-60 पासूनचा. 50 टक्क्यांवर सरळ, 66 च्या आसपास ट्रिप्लेट, म्हणजे एका मात्रेत तीन ठोक्यांची चाल. आपली हलगी 58 वर बरोबर बसते.

हलगी_परभणी
58 वर बसते? कुणी सांगितलं? आमच्या घरात तीन पिढ्या हलगी आहे. तुमचा स्विंग प्रत्येक दुसरा ठोका सारखाच मागं ढकलतो. आमचा हात नाचणाऱ्याचे पाय बघून मागं-पुढं होतो. शेकोटीवर शेकली की हलगी चढते, गार झाली की उतरते. तुमच्या पॅडवर ती एकाच सुरात गोठलेली. आमच्या पार्टीत सहा जण होते. ऑक्टापॅड आला अन् दोघं उरलो. आता वरातीत आमचाच ठोका पॅडवरून वाजायलाय, आम्ही रस्त्याच्या कडंला उभे. ज्याच्या हाताचा तुकडा घेता, त्याला काय देता?

लातूर_808
दादा, तुमच्या पार्टीचा राग माझ्यावर कामून काढायलाव? मी कुणाच्या पोटावर पाय दिला नाही.

हलगी_परभणी
माझा राग त्या 58 वर आहे. न वाजवता आकडा ठोकून दिलास.

बीड_मोनो
माझा मूळ प्रश्न राहिलाच. धाकट्याला पहिलं मशीन घ्यायचंय, घरात लॅपटॉप नाही. म्हणजे माशिन (नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं बीट-मशीन) बाद, प्लस सोडलं तर त्याला कॉम्प्युटर लागतोच. मग ह्या दोन्हींतलं कोणतं?

पैठणगेट_पॅड
एसपी. वजनाला हलकं, कॉलेजच्या पिशवीत मावतं. हलगी_परभणी, तुमचा प्रश्न मला लागला. काकांना विचारून तुकडा घेतला होता, पण हातावर काही ठेवलं नाही. नवरात्राच्या आधी जाऊन देतो.

लातूर_808
58 मागं घेतो. पण टाइमिंग करेक्ट (ठोके आपोआप सरळ करणारी सोय) बंद करून वाजवलं तर हात आहे तसा उतरतो, एवढं तुम्हीही माना. एसपीत अख्खं गाणं बांधणं जिवावर येतं, त्यावर मी ठाम आहे.

हलगी_परभणी
मानतो, वाजवणारा समोर असेल तर. रविवारी मशीन घेऊन ये, हलगी शेकून ठेवतो. फाईलला वाजवणाऱ्याचं नाव लावायचं, हे आधीच ठरवून ये.