सोलापूरहून वेळासला कासवं बघायला, कसं जमवायचं?

जुळे_सोलापूरकर: नमस्कार मंडळी, आमच्याकडं पाणी म्हणजे संभाजी तलाव नायतर उजनी, त्यामुळं पोरं समुद्र समुद्र करून डोकं खायलेत. मार्चमध्ये वेळासला कासवांची पिल्लं बघायची म्हणतोय, सोबत आईपण आहे, तिला हरिहरेश्वर करायचंय. नकाशात दोन्ही चिकटून दिसतात पण मध्ये खाडी आहे, मग गाडी न्यायची कशी? आणि वेळासला एखादं बरं हॉटेल सांगा.

घाट_उतरलेला: पुण्यात मुक्काम करा, एका दमात नका जाऊ. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वर. देवळामागचा प्रदक्षिणेचा मार्ग ओहोटीलाच करायचा, भरतीची वेळ गावात विचारून घ्या, आईंना उगं पायऱ्या उतरवू नका. तिथून बागमांडल्याला जेट्टी, फेरीबोटीत गाडी चढते, सावित्री ओलांडली की वेसवी, म्हणजे रायगड जिल्हा संपून रत्नागिरी लागला. पुढं बाणकोट करत वेळास.

वाळूत_पाय: हॉटेल शोधूच नका भाऊ, घरगुती सोय असते, अंगणात पंगत, आम्हाला उकडीचे मोदक मिळालेले. तिथली अंडी किनाऱ्यावरच्या कुंपणात हलवून पुरतात, वर टोपल्या पालथ्या घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. आमच्या वेळी पहिल्या दिवशी सगळ्या टोपल्या रिकाम्या, लेक रडायलाच लागली, दुसऱ्या दिवशी सकाळी एकीखाली तळहाताएवढी पण नाहीत अशी पाच पिल्लं. दोरीमागं उभं राहायचं, ती आपापली सरपटत पाण्यात जातात, एक लाट आली की परत मागं, पुन्हा सुरू. म्हणून दोन रात्री ठेवाच. फ्लॅश मारू नका प्लीज.

खाडीपलीकडचा: सगळे कासवं बघून पळतात. अहो वेळास नाना फडणवीसांचं मूळ गाव, पुतळा आहे तिथं. बाणकोटचा किल्ला वाटेतच, इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया केलेलं, वरून सावित्रीचं मुख अख्खं दिसतं. मासे खायचे असतील तर खाली केळशी, आंजर्ले करत हर्णै गाठा, बंदरावर लिलाव बघा, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग.

जुळे_सोलापूरकर: लई भारी, दोन रात्री फिक्स. आईनं आत्ताच कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा काढलाय, अजून महिना आहे म्हटलं तरी ऐकेना. फेरीबोट संध्याकाळी किती वाजेपर्यंत असते?

घाट_उतरलेला: निघायच्या आधी फोन करून विचारा. आणि अंधार पडायच्या आत पलीकडं जावा, रस्ता अरुंद आहे.