जुना कॉम्प्युटर नवीन विंडोज पेलेल का? कोल्हापूरकरांनो, तुमचा अनुभव सांगा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून आमच्या ओळखीत हाच विषय चाललाय. बहिणीची शिकवणी असो, मित्राचं पेठेतलं दुकान असो की बाबांचा सोसायटीचा हिशोब, सगळीकडं सात-आठ वर्षांची मशीन आहेत आणि स्क्रीनवर एकच सूचना येते, हा पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. दुकानात विचारलं की 'आता नवीनच घ्या' म्हणतात. चालतं मशीन काढून टाकण्याआधी आपण एकमेकांना विचारावं असं फार वाटलं, म्हणून हा धागा. तुमच्याकडं कुठलं मशीन होतं, काय तपासलं, काय ठरवलं, ते लिहा. फसलेलं असेल तर तेही लिहा. त्याचा दुसऱ्याला जास्त उपयोग होतो.

सुरुवात माझ्यापासून करतो. बाबांचा डेस्कटॉप २०१८ मध्ये असेंबल करून घेतलेला, प्रोसेसर आय-५ ८४००, रॅम ८ जीबी. मशीन विंडोज ११ ला चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवलं तर नकार आला. दोन दुकानदारांनी मदरबोर्ड बदलावा लागेल म्हणून सांगितलं. मला ते पटेना, कारण इंटेलची आठवी पिढी विंडोज ११ च्या यादीत आहे. मग नकाराचं कारण वाचलं, टीपीएम २.० सापडत नाही. टीपीएम म्हणजे पासवर्ड-किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय. त्यासाठी वेगळी चिप असावीच लागते असं नाही. इंटेलमध्ये ती पीटीटी या नावानं आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावानं आतच असते, फक्त असेंबल मशीनमध्ये पुष्कळदा बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन पीटीटी सुरू केलं, पहिली अडचण गेली.

दुसरी जरा किचकट होती. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची होती आणि मशीन लेगसी, म्हणजे जुन्या मोडमध्ये सुरू व्हायचं. विंडोज ११ ला यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करायची नवी पद्धत, आणि सिक्युअर बूटची, म्हणजे खात्रीची सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय लागते. विंडोज १० मध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन असतं, डेटा न पुसता ते डिस्क एमबीआरमधून नव्या जीपीटी पद्धतीत आणून देतं. मात्र डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) असतील तर ते काम करत नाही. आधी बाबांच्या सगळ्या फाईली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, मगच हात लावला. क्रमही महत्त्वाचा आहे, आधी डिस्कची पद्धत बदलायची, मग बायोसमध्ये यूईएफआय लावायचं. उलटं केलं तर मशीन सुरूच होत नाही. आणि डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं साधन, लावलेलं असेल तर बायोसला हात लावण्यापूर्वी ते तात्पुरतं थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

एवढं झाल्यावर तेच मशीन पात्र ठरलं. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवली, बाकी एक स्क्रू बदलला नाही. बाबा रोज त्यावर काम करतात.

शाहूपुरी, कुंभार गल्लीजवळ

आमचा जुना पीसी २०१९ च्या पुरात गेला. तीन दिवस पाण्याखाली होता. पूर ओसरल्यावर घाईत सेकंडहँड घेतला. विकणारा म्हणाला, 'आय-५ आहे, काळजी करू नका.' आय-५ म्हटल्यावर आम्हीही पुढं काही विचारलं नाही. आता कळलं की तो ४५७० आहे, म्हणजे चौथी पिढी. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी नवीन पीसी घेतला होता, त्यात ९४०० होता. त्यांचं विंडोज ११ आपोआप आलं, आमचं येणार नाही.

म्हणून सांगते, नुसतं आय-३, आय-५ ऐकून पैसे देऊ नका, पुढचा आकडा वाचा. ४५७० मधला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी, ८४०० मधला ८ म्हणजे आठवी. पाच आकडे असतील तर पहिले दोन बघायचे, १०४०० म्हणजे दहावी. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम'खाली 'अबाउट' उघडलं की हा आकडा दिसतो. विकणाऱ्यासमोरच उघडून बघा.

माझा प्रश्न आहे, या चौथ्या पिढीचं मी करू काय? मुलीचा अभ्यास आणि माझी शिवणाची बिलं, एवढंच काम असतं.

राजारामपुरी (धागा सुरू करणारा)

ताई, लगेच काही विकत घेऊ नका. मायक्रोसॉफ्टनं घरगुती विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेट ठेवलेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जच्या अपडेट पानावर नोंदणी करायची. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉग-इन करून सेटिंगचा बॅकअप सुरू ठेवला तर पैसे पडत नाहीत. त्याला टीपीएम किंवा नवा प्रोसेसर लागत नाही, विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती मात्र लागते. तेवढा वेळ हाताशी आला की शांतपणे ठरवता येईल.

शिवाजी उद्यमनगर

आमचं मशीन शॉप आहे. सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनला, प्रोग्रॅम पाठवणारा पीसी विंडोज ७ वर चालतो, ३२ बिट. केबल मागच्या सिरियल पोर्टला जोडलेली. मुलगा म्हणत होता, सगळंच नवीन करूया. मी आधी एकच गोष्ट तपासायला सांगितली, प्रोग्रॅम पाठवणारं सॉफ्टवेअर आणि त्याचा ड्रायव्हर ६४ बिटवर चालतो का. नाही चालत. विंडोज ११ मध्ये ३२ बिट आवृत्तीच नाही. म्हणजे पीसी कितीही भारी आणला तरी सीएनसीशी बोलणार नाही.

आम्ही तो पीसी तसाच ठेवला, पण नेटवरून कायमचा काढला. ड्रॉइंग आणि प्रोग्रॅम एकाच ठराविक पेनड्राइव्हनं जातात, तो ऑफिसच्या पीसीवर स्कॅन करूनच. त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत करून कपाटात ठेवलीय, कारण ती डिस्क बंद पडली तर शॉप बंद पडेल. जीएसटी, ईमेल, बँक हे सगळं विंडोज ११ च्या दुसऱ्या पीसीवर. एका मशीनकडून दोन्ही कामं करून घ्यायचा हट्ट सोडला आणि प्रश्न मिटला.

लक्ष्मीपुरी, छपाईचं काम

आमचा पीसी दहाव्या पिढीचा, हेल्थ चेकमध्ये सगळं हिरवं. तरी मी लगेच अपग्रेड केलं नाही. लगीनसराईत पत्रिकांचं काम अडलं तर गिऱ्हाईक परत येत नाही. आमचे मराठी फॉन्ट जुन्या एन्कोडिंगचे, युनिकोड नाहीत, आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर डाँगल, म्हणजे परवान्याची पीसीला लावायची छोटी किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. वीस वर्षांच्या फाईली त्यात आहेत.

मग असं केलं. चालू एसएसडी काढून बाजूला ठेवली, दुसरी रिकामी एसएसडी लावून तिच्यावर विंडोज ११ टाकलं आणि दोन रविवार फक्त चाचणी. डाँगल ओळखला गेला, पण त्याचा नवीन ड्रायव्हर घ्यावा लागला. प्रिंटर चालला. स्कॅनर चालला नाही, त्या मॉडेलचा पुढचा ड्रायव्हरच निघालेला नाही. एका जुन्या पत्रिकेत जोडाक्षरं तुटली, तीही फॉन्ट परत टाकल्यावर नीट झाली. हे सगळं गिऱ्हाईक समोर उभं असताना कळलं असतं तर? काही बिघडलं असतं तर जुनी एसएसडी लावून दहा मिनिटांत पुन्हा कामाला लागलो असतो. धंद्याचं मशीन असेल तर माझा आग्रह आहे, असंच करा. हेल्थ चेक फक्त पीसीबद्दल सांगतं, तुमच्या प्रिंटर-स्कॅनरबद्दल काही सांगत नाही.

विद्यापीठ परिसर, हॉस्टेल

माझा लॅपटॉप आय-५ ७२०० यू. टीपीएम २.० आहे, एसएसडी आहे, रॅम ८ जीबी आहे, अडलं फक्त पिढीवर, सातवी. मी रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्ह बनवून अट वगळली आणि विंडोज ११ टाकलं. सहा महिने झाले, झकास चालतंय भावांनो. पण खरं ते सांगतो, अशा मशीनला अपडेट मिळत राहतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाची मोठी आवृत्ती आली की ती हातानं टाकावी लागते. माझ्या लॅपटॉपवर कॉलेजचं काम आहे, बँकेचं नाही, म्हणून मी केलं. मामाच्या दुकानातल्या पीसीवर करून दे म्हणाले, तिथं नाही म्हणालो.

हीच युक्ती रूममेटच्या कोअर टू ड्युओवर करून बघितली. तिथं काहीच चालत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला पॉपसीएनटी ही आतली आज्ञा यावी लागते, त्या जुन्या प्रोसेसरमध्ये ती नाहीच. त्याला कुठलीही पळवाट नाही.

कळंबा

वरच्या मुलानं कोअर टू ड्युओचं लिहिलंय, तोच आमच्या घरात आहे. यांचा कॉम्प्युटर. हे गेल्यावर तो तीन वर्षं झाकून ठेवला होता. भाचा म्हणाला, 'मावशी, भंगारात देऊन टाक.' मन होईना. त्यात ह्यांनी टाईप करून ठेवलेल्या आठवणी होत्या, गावाकडच्या, तालमीतल्या.

भाच्यानंच मग लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर आणली. त्याचं मला फार बरं वाटलं, कारण डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालू करून दाखवलं. आवाज येतो का, वायफाय लागतं का, मराठी कीबोर्ड बसतो का, सगळं आधी तपासलं. वायफायची जुनी पट्टी ओळखली नाही, तिथं वायर जोडली. रॅम २ जीबीची ४ केली आणि एसएसडी घातली. ह्यांच्या फाईली दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून झाल्यावरच 'इन्स्टॉल' दाबू दिलं मी त्याला.

बरेच टॅब उघडले की दमतो, हे खरं आहे. एका वेळी एकच काम करते. रोज दुपारी ह्यांचं एक पान उघडते आणि चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ तेवढे सुधारते. एकशे चाळीस पानं आहेत, बावन्नाव्या पानावर आलेय.