मॅजेस्टी: झेंड्यावर बक्षीस लावूनही हिरो हलत नाहीत. घ्यावा का हा गेम?

खंदक
सायबरलोर कंपनीचा २००० सालचा राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम ‘मॅजेस्टी’ नॉर्दर्न एक्स्पान्शन या पुरवणीसकट स्वस्तात मिळतोय. यात सैनिक निवडून थेट हुकूम देता येत नाही. वॉरियर गिल्डमध्ये (योद्ध्यांच्या संघाच्या इमारतीत) चौघं हिरो बसून आहेत, गॉब्लिन राक्षसांच्या अड्ड्यावर हल्ल्याचा झेंडा लावलाय, तरी एकही उठत नाही. बग आहे की खेळणाऱ्याचं काही चुकतंय? आणि गेममध्ये दम किती, तेही सांगा.

तटबंदी
बग नाही, हाच गेम आहे. तुम्ही राजा, हिरो भाडोत्री. झेंड्यावरची रक्कम, अंतर, समोरचा धोका आणि स्वतःचा स्वभाव बघून प्रत्येक जण आपलं ठरवतो. रोग (आजार नव्हे, चोर!) किरकोळ रकमेलाही धावतो. रेंजर (वाटाड्या) तर झेंडा नसला तरी नकाशा उघडत हिंडतो, म्हणून पहिलं गिल्ड त्यांचं बांधा. अड्डा सापडला की लगेच झेंडा लावू नका. वॉरियर दोन-तीन लेव्हल चढू द्या, मग थोडी रक्कम लावून बघा. कुणी हललं नाही तर वाढवत जा. सुरुवातीलाच मोठी रक्कम लावली तर पहिल्या लेव्हलचे विझर्ड (जादूगार) लोभापायी जाऊन मरतात. विझर्ड सुरुवातीला अगदी लेचापेचा असतो. पुढे मात्र सगळ्यांना भारी पडतो.

टाकसाळ
तटबंदींशी सहमत. पण खरी गंमत पैशाच्या फेऱ्यात आहे, ती नीट समजून घ्या. बक्षीस हिरोच्या खिशात जातं. तो मार्केटप्लेसमधून औषधाच्या बाटल्या घेतो, लोहाराकडून तलवार सुधारून घेतो, गिल्डला कर देतो. कर वसूल करणारा थैली घेऊन फिरतो आणि पैसा राजवाड्यात परत येतो. म्हणजे झेंड्यावर लावलेलं सोनं वाया जात नाही. अट एकच, ते खर्च करायला दुकान हवं. मार्केट नसेल तर पैसा हिरोच्याच खिशात पडून राहतो आणि तुम्ही कंगाल.
म्हणून रेंजरनंतर लगेच मार्केट बांधून आधी हीलिंग पोशनचं (जखमा भरणाऱ्या औषधाचं) संशोधन लावा. बाटली नसलेला हिरो जखमी झाला की लढाई अर्धी टाकून घरी पळतो, आणि ‘हे भित्रे आहेत’ अशी तक्रार आपण करत बसतो. त्यानंतर लोहार. अड्डे लांब असतील तर वाटेत एक इन (सराई) टाका, थकलेले तिथेच विश्रांती घेतील.
ट्रेडिंग पोस्ट जितकं लांब तितकी कारवाँची कमाई जास्त, पण वाटेत कारवाँ मारला गेला तर सगळं गेलं. कर वसूल करणाऱ्याचंही तेच: तो मेला की थैलीतला पैसा बुडाला. दूरच्या एकट्या गिल्डशेजारी टेहळणी बुरूज हवाच.

गटारगंगा
आता उणी बाजू. गाव वाढलं की गटारं आपोआप उगवतात, त्यातून उंदीर आणि रॅटमेन येतात. हिरो मरत गेले की दफनभूमी तयार होते, तिथून सांगाडे उठतात. दोन्ही पाडता येत नाहीत. मला हे आवडतं, नवशिक्यांना घराजवळ सराव मिळतो. पण कर वसूल करणारा नेमका तिथेच गाठला जातो.
मोठी खोट वेगळीच. प्रत्येक क्वेस्ट (कामगिरी) शून्यापासून सुरू होते. तासभर वाढवलेला विझर्ड पुढच्या नकाशात नसतो. शिवाय एकाच प्रकारचं दुसरं, तिसरं गिल्ड महाग होत जातं, आणि एका गिल्डात चारच जण. गर्दी जमवून जिंकायचा बेत तिथेच फसतो.
देवळं निवडतानाही जपून. अ‍ॅग्रेला आणि डॉरोस या गेममधल्या देवतांची देवळं एकत्र चालतात, पण त्यांच्यासोबत क्रिप्टा किंवा फर्व्हसचं बांधता येत नाही. क्रोल्मला दुसरं कुठलंच देऊळ चालत नाही. एल्फ, ड्वार्फ, नोम यांपैकीही एकच जमात. नोम लढायला कच्चे, बांधकामाला बरे.

खंदक
मार्केट बांधलंच नव्हतं! २००९ चा ‘मॅजेस्टी २’ घेतला तर शून्यापासूनची भानगड सुटेल का?

गटारगंगा
थोडीफार. मोहिमेनंतर एखादा हिरो लॉर्ड म्हणून पुढे नेता येतो, इनमध्ये हिरोंची टोळी बांधता येते, आणि राखणीचा व दूर ठेवण्याचा असे दोन झेंडे जास्त आहेत. पण मोहिमा एका साच्याच्या वाटतात. पहिला हाताशी असेल तर आधी तो संपवा.